कोंबड्या खुराड्यात जाईनात, अंडी मऊ पडायल्यात : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं जरा जास्तच आली, आणि त्यातली निम्मी "ताई लवकर औषध सांगा" अशीच. मी डॉक्टर नाही हे दरवेळी सांगते, आत्ताही सांगते. सोलापुरात हैदराबाद रोडच्या बाजूला घरामागं वीस-बावीस वर्षं कोंबड्या पाळल्यात, कधी आठ कधी चाळीस, तेवढंच माझं शिक्षण. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, म्हणून ज्यात बाकीच्यांचंही काम होईल अशी निवडलीत.

प्रश्न : आम्ही विडी घरकुलात राहतो. १५ कोंबड्या होत्या, गावठी आणि ४ गिरीराज जातीच्या. सोमवारपासून ६ मेल्या. आधी गप बसतात, हिरवी हगवण लागते, मग मान वाकडी होऊन गोल गोल फिरायल्यात. शेजारचे हळद-लसूण द्या म्हणायलेत. मेडिकलमधून माणसाची कॅप्सूल आणून पाण्यात टाकली, फरक नाही. कुठलं औषध देऊ?

ताई, सांगायला वाईट वाटतंय पण तुम्ही लिहिलंय ते सगळं मानमोडीसारखं आहे, डॉक्टर ज्याला राणीखेत म्हणतात ती, आणि तिच्यावर औषध नाहीये. विषाणूचा रोग, तिथं कॅप्सूल काय करणार आणि हळद तरी काय करणार. ते कॅप्सूलचं पाणी आजच ओतून टाका, आणि त्या पाण्यावरची अंडी पोरांना देऊ नका, औषध अंड्यात उतरतं. राणीखेत हे खरं तर तिकडं उत्तराखंडातल्या गावाचं नाव, आपल्या देशात १९२७ च्या सुमारास हा रोग तिथं सापडला म्हणून ते नाव चिकटलं. बिचाऱ्या गावाची फुकट बदनामी. लस नसलेल्या कोंबड्यांत शिरला की निम्म्याहून जास्त जातात, कधी कधी खुराडं पूर्ण रिकामं होतं.

आता लगेच करायचं ते म्हणजे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं नाहीतर जनावरांच्या १९६२ या हेल्पलाइन नंबरला फोन लावायचा, आणि हे लाजून टाळायचं नाही, कारण बर्ड फ्लूची लक्षणंसुद्धा बरीचशी अशीच दिसतात, नुसतं बघून मीही सांगू शकत नाही आणि तुमचे शेजारीही नाही, ते तपासणीतच कळतं. २००६ ला नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, ते जुन्या लोकांना आठवत असेल. मेलेल्या कोंबड्या उघड्या हातानं उचलू नका, प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवा, तीनेक फूट खड्डा काढून वर चुना टाकून पुरा. नाल्यात टाकलेली कोंबडी कुत्रं ओढून पुढच्या गल्लीत नेतं, मग तिथंही तेच. मानमोडीनं माणसाला फार काही होत नाही, पण तोच हात डोळ्याला लागला तर डोळे येतात, त्यामुळं साबणानं हात धुवा.

आणि उरलेल्या ९ बाजारात नेऊ नका. दोन मेल्या की बाकीच्या घाईनं विकून टाकायच्या ही पद्धत सगळीकडं आहे, मला कळतं, पैसा अडकलेला असतो. पण दुसऱ्याच्या घरी मर पोचते ती अशीच. मी स्वतः त्यातनं गेलेय. आठ वर्षांपूर्वी एका आठवडी बाजारातनं तीन झकास तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणल्या, तुरे लालभडक, त्याच संध्याकाळी आपल्या कोंबड्यांत सोडल्या आणि दहा दिवसांत १७ मधल्या ३ राहिल्या. विकणाऱ्याला खूप शिव्या दिल्या तेव्हा. पण नव्या कोंबड्या २१ दिवस वेगळ्या ठेवायला माझ्याकडं जागा होती, कोंबड्या झाकायचं डालगं होतं, नुसता कंटाळा केला मी.

आता लस. कोंबड्या आजारी पडल्यावर लस टोचून उपयोग नाही, अंगात ताकद यायलाच आठवडा-दहा दिवस जातात. पुढची पिल्लं आणाल तेव्हा पहिल्या आठवड्यात, म्हणजे ५ ते ७ दिवसांची असताना मानमोडीच्या लासोटा किंवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात नाहीतर नाकात, चौथ्या आठवड्यात लासोटा परत पाण्यातनं, आणि ८ आठवडे झाले की आरटूबी ही मानमोडीचीच जोरदार लस टोचून घ्यायची. आरटूबी लहान पिल्लांना देऊ नका, झेपत नाही. मधे सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस पण मिळते, ती पंखाच्या पातळ कातडीत टोचतात.

खरी अडचण वेगळीच आहे. लसीची बाटली शंभर, दोनशे, कधी त्याहून जास्त कोंबड्यांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासात संपवावी लागते, मग १५ कोंबड्यांसाठी कोण घेणार, म्हणून कोणीच घेत नाही आणि दर उन्हाळ्यात सगळी गल्ली रडते. आमच्याकडं नऊ घरं मिळून एक बाटली आणतो, थर्मासमध्ये बर्फ टाकून, सकाळी सहालाच, उन्हाच्या आत वाटून मोकळं. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड सगळी घरं आहेत, एरवी नळावरनं भांडणं, पण लसीच्या दिवशी सगळ्याजणी वेळेवर हजर. पाण्यातनं देणार असाल तर नळाचं पाणी वापरायचं नाही, त्यातल्या क्लोरीननं लस मरते. उकळून गार केलेलं पाणी घ्या, लिटरला छोटा चमचा दूध पावडर घाला, आणि त्याआधी तास-दोन तास कोंबड्यांना तहानलेलं ठेवा म्हणजे पटापट पितात.

खुराडं रिकामं झालं तर धुऊन चुना मारून निदान महिनाभर तसंच ठेवा, नव्या कोंबड्यांची घाई नको.

प्रश्न : जुळे सोलापुरात गच्चीवर पत्र्याचं खुराडं आहे, ११ ग्रामप्रिया जातीच्या कोंबड्या. एप्रिलपर्यंत रोज ७-८ अंडी होती. आता ३-४, तीही पातळ, हात लावला की फुटतात. दोन तर नुसती कातडीची, कवचच नाही. कॅल्शियमचं सिरप चालू केलंय. काय चुकतंय?

काका, चुकतोय तो पत्रा. मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ म्हणजे नेहमीचंच, वर गच्ची, वर पत्रा, आत काय होत असेल विचार करा. कोंबडीचं अंगच मुळात ४१ डिग्रीच्या आसपास असतं आणि तिला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नाहीत. बाहेरची हवा अंगाइतकीच तापली की उष्णता बाहेर टाकायला एकच रस्ता उरतो, चोच उघडून धापा टाकायचा. पंख अंगापासून लांब धरून चोच वासून उभ्या दिसतात ना दुपारी, ते हेच.

अंडी पातळ व्हायचं कारणही याच धापांमध्ये आहे. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, आणि अंड्याचं कवच म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट, मग त्यातल्या कार्बोनेटला लागणारा माल रक्तातच कमी पडतो. त्यात गरमीनं खाणं कमी झालेलं, म्हणजे कॅल्शियमही कमी. म्हणून नुसतं सिरप पाजून काम होईना. सिरप देऊ नका असं नाही, पण आधी धाप थांबली पाहिजे.

पत्र्यावर कडबा पसरा जाड थर, तो नसेल तर पोती, आणि दुपारी दोनदा पाणी मारा. आता पाणी मारा म्हणणं सोपंय, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्याचं काय, तर भांडी धुतलेलं साबणाचं सोडून बाकी कुठलंही वापरलेलं पाणी चालतं, भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं. पत्र्याला वरनं पांढरा चुना मारला तरी फरक पडतो. बाजू जाळीच्या असतील तर पश्चिमेकडं पोतं लावून ओलं ठेवा, पण चारही बाजू बंद करू नका, ओल कोंडली की अजून वाईट, धापा टाकून उष्णता जाते ती हवा कोरडी असेल तरच.

प्यायचं पाणी काळ्या टाकीतलं देताय का? पत्रात लिहिलं नाहीत पण गच्ची म्हटल्यावर मला तीच शंका. दुपारी त्यातलं पाणी चहाला चालेल इतकं गरम असतं, कोंबडी त्याला तोंड लावत नाही. माठातलं पाणी मातीच्या परळात द्या, सावलीत, दोन-तीन ठिकाणी, आणि दुपारी एकदा बदला. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी या दिवसांत अर्धा लिटरपर्यंत पिते.

खाणं पहाटे आणि ऊन उतरल्यावर. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती चार-सहा तासांनी जोरात असते, म्हणजे तुम्ही नऊ-दहाला भरड टाकली की बरोबर ऐन दुपारी ती आतनं तापते, बाहेरनं पत्रा तापवतोच. पहाटे पाचला टाका, दहाला भांडं उचला, संध्याकाळी परत. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, खाद्यात कालवू नका, जिला पाहिजे ती खाते. संध्याकाळी तर हमखास ठेवा, कारण कवच बसायचं जास्तीचं काम रात्री चालतं. एका अंड्याच्या कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, ते रोज कुठनं तरी यायला पाहिजे.

एखादी कोंबडी आडवीच झाली तर पाय आणि तुरा साध्या गार पाण्यात भिजवा, बर्फाचं पाणी नको. शुद्धीवर आली की ओआरएसचं पाणी पाजा थोडं थोडं.

प्रश्न : संध्याकाळ झाली की कोंबड्या खुराड्यात जाईनात. हाकलून घातल्या तर ओरडायल्यात, सोडल्या की लिंबाच्या झाडावर जाऊन बसतात. तुरे फिक्के पडलेत, अंडी कमी. बायको म्हणते नजर लागली, मी म्हणतो मुंगूस येत असेल. दक्षिण सोलापूर तालुक्यातनं लिहितोय.

हे पत्र मला लई आवडलं, कारण यात दादांनी कोंबड्या काय करायल्यात ते नीट बघून लिहिलंय. कोंबडी अंधार पडला की आपल्या जागेवर जाते, हे तिला कोणी शिकवत नाही. ती जात नाही म्हणजे आत तिला काहीतरी त्रास आहे, आणि तुरा फिक्का म्हणजे रक्त कमी. मुंगूस आलं असतं तर एखादी कमी झाली असती, पिसं पडली असती.

रात्री दहा-अकराला टॉर्च घेऊन जा आणि कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूला, फळ्यांच्या फटीत, कोपऱ्यात उजेड मारा. मला जवळजवळ खात्री आहे की गोचीड सापडतील, चपट्या, करड्या, रक्त प्यायलेल्या असतील तर निळसर काळ्या. दिवसा तुम्ही कोंबडी उचलून पंखाखाली कितीही बघा, मोठी गोचीड दिसायची नाही, कारण ही जात कोंबडीवर राहतच नाही. दिवसभर फटीत लपते, रात्री येऊन रक्त पिते आणि पहाटेच्या आत परत फटीत. म्हणून लोक कोंबडीला पावडर चोळत बसतात आणि गोचीड लाकडात मजेत. वर्षभर उपाशी राहिली तरी मरत नाही, त्यामुळं खुराडं दोन महिने बंद ठेवलं म्हणजे सुटलो असंही नाही.

तर कोंबड्या चार दिवस झाडावर बसू द्या, फक्त मांजराकडं लक्ष ठेवा. इकडं खुराडं रिकामं करून उकळतं पाणी फटीफटीत ओता, दोनदा तीनदा, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं. पूर्ण लोखंडी असेल तर काही जण स्टोव्हची ज्योत फिरवतात, लाकडाला मात्र ते करू नका, आमच्या ओळखीत एकानं खुराडं आणि शेजारचा कडबा दोन्ही पेटवलंय. मग फटी सिमेंटनं नाहीतर मातीनं बुजवा, वरनं चुना. दांडी भिंतीला टेकवू नका, दोन पायांवर उभी करा आणि पाय रॉकेल नाहीतर जळक्या ऑइलच्या डब्यात ठेवा, म्हणजे गोचिडीला वर चढायला रस्ता राहत नाही. फवारायचं औषध दवाखान्यातनं विचारून घ्या, शेतातलं कीटकनाशक अंदाजानं मारू नका, कोंबड्या मरतात त्यानं.

चुलीची राख आणि माती मिसळून एक खड्डा करून द्या, त्यात लोळून त्या बाकीच्या उवा-पिसवा स्वतःच कमी करतात. आणि वहिनींना सांगा, नजर उतरवली तरी चालेल, फक्त उकळतं पाणी पण ओता.

प्रश्न : मोहोळ. जुन्या ८ कोंबड्यांत नवीन एक सोडली, सगळ्या मिळून तिला टोचायल्यात, शेपटीजवळ रक्त निघालंय. एक लाल कोंबडी तर तिला खाऊच देत नाही.

तिला आत्ता बाहेर काढा. रक्त दिसलं की टोचणं थांबत नाही, लाल रंगावर त्या तुटूनच पडतात. जखमेवर जांभळं औषध लावा, जेन्शियन व्हायोलेट, लाल झाकलं जातं.

कोंबड्यांत कोण मोठी कोण धाकटी हे पक्कं ठरलेलं असतं, अगदी आपल्या एकत्र कुटुंबातल्या सासवा-जावांसारखं. नॉर्वेचा थॉर्लिफ श्येल्डेरुप-एब्बे म्हणून एकजण होता, त्यानं लहानपणापासून कोंबड्या बघून बघून, कोण कोणाला टोचते ते लिहून ठेवलं, आणि १९२० नंतर त्याच्यावर शास्त्रीय लेख लिहिले. जगभर पेकिंग ऑर्डर म्हणतात ते त्याच्यापासनं. म्हणजे नवी आली की सगळ्यांचा नंबर परत ठरतो, थोडी टोचाटोची होणारच, रक्त येईपर्यंत जाऊ द्यायची नाही एवढंच.

एकटी कधी सोडू नका, निदान दोघी-तिघी. आधी तीन आठवडे लांब ठेवायच्या ते रोगासाठी, त्यानंतर आठवडाभर मधे जाळी ठेवून शेजारी, आणि मग रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवायच्या. खाण्याची, पाण्याची भांडी दोन-दोन, लांब लांब. शेपू नाहीतर मेथीची जुडी उडी मारावी लागेल इतक्या उंचीवर टांगा, लक्ष तिकडं जातं. आणि त्या लाल कोंबडीलाच चार दिवस डालग्याखाली कोंडा. परत आली की तिचा नंबर खाली गेलेला असतो, मग जरा गप राहते. रात्रभर बल्ब चालू ठेवत असाल तर तो बंद करा, आणि जागा कमी असेल तर बाकी काही करून उपयोग नाही, आत एका कोंबडीला निदान दोन चौरस फूट तरी पाहिजे.

प्रश्न : बार्शी. शेंगदाणा पेंड स्वस्तात मिळाली, थोडी बुरशी आलीय. उन्हात वाळवून दिली तर चालेल का?

नाही. उन्हात बुरशी मरते, तिनं केलेलं विष तसंच राहतं, भाजूनही पूर्ण जात नाही. १९६० ला इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचले, आणि या विषाचं अफ्लाटॉक्सिन हे नाव जगाला कळलं ते त्यातनं. कोंबडी लगेच मरत नाही म्हणून आपल्याला वाटतं पचलं. लिव्हर खराब होतं, अंडी कमी होतात, आणि वाईट म्हणजे दिलेली लसही नीट लागू पडत नाही. शेंगा चटणीला खवट दाणे घेता का तुम्ही? मग कोंबडीला तरी का. ती पेंड गाईम्हशीलाही घालू नका, दुधात उतरतं ते.

प्रश्न : कोंबडी खुडूक बसलीय, खाली अंडी नाहीत तरी उठत नाही. सासूबाई नाकात पीस घाला म्हणतात. अक्कलकोट.

पीस नको, जखम होते आणि ती चिघळते. खालनं हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, गवत-पोतं काही न घालता, खाणंपाणी समोर. पोट गार पडलं की खुडूकपणा उतरतो. पिल्लं काढायची असतील तर या उन्हात नका काढू, जून-जुलैत पाऊस पडून हवा गार झाल्यावर १०-१२ अंडी ठेवा, २१ दिवसांत पिल्लं.

प्रश्न : कोंबडा नसेल तर अंडी मिळतात का? शेजारी पहाटेच्या आरवण्यावरनं भांडतात. होटगी रोड.

मिळतात. पिल्लं मात्र निघणार नाहीत. कोंबडा गावाकडं कोणाला तरी देऊन टाका, आणि पहिली पाच अंडी शेजाऱ्यांच्या घरी पोचवा.